पाय आणि चाक

कॅनडातील ओटावा येथे वाढलेला मायकेल वुड्स २००५ साली एक मैल ३ मिनिटे ५७.४८ सेकंदांत धावला. वय अठरा. रॉजर बॅनिस्टरने १९५४ मध्ये चार मिनिटांची वेस ओलांडल्यापासून मैल ही धावपटूंची दंतकथाच होऊन बसली आहे. तीत हा कोवळा मुलगा दाखल झाला. पुढे मिशिगन विद्यापीठाकडून धावत असताना त्याच्या डाव्या पावलाच्या कमानीतील होडीच्या आकाराचे एक हाड ताणाने चिरले. या हाडाच्या मध्यभागाला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ते सांधते सावकाश. आणि धावताना तर दर पावलागणिक देहाच्या दुपटीतिपटीचा भार पायावर पडतो. हाड पुन्हा पुन्हा दुखावत राहिले. छाती शाबूत, हृदय शाबूत, आणि एवढेसे हाड नाही म्हणते! शोकांतिकेला मोठेच कारण लागते असे नाही.

दुखापतीच्या काळात दम टिकावा म्हणून तो सायकलकडे वळला. सायकलीवर पाय फिरतो, आपटत नाही. दम जसाच्या तसा सोबत आला. बाकी सारे मात्र शिकायचे होते. शे-दीडशे स्वारांच्या जथ्यात पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर राखून वाऱ्याचा आडोसा घेणे, उतारावरच्या वळणात ब्रेक सोडण्याचे धाडस करणे, हे इतर जण पोरवयातच अंगी मुरवतात. वुड्स पहिल्या व्यावसायिक संघात आला २०१३ साली, आणि सर्वोच्च श्रेणीत पोहोचला २०१६ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. कवितेकडून कादंबरीकडे उशिरा वळलेल्या लेखकाची अडचण याहून फारशी निराळी नसते.

त्याचे मोठे विजय कोठे झाले ते पाहण्यासारखे आहे. चढ तीव्र झाला की वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो आणि सायकलीची शर्यत जवळजवळ धावण्याची होते. ९ जुलै २०२३ रोजी टूर द फ्रान्सचा नववा टप्पा पुई द डोम या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर संपला. १९८८ नंतर प्रथमच शर्यत तेथे चढत होती. निसर्गरक्षणासाठी अखेरचे सुमारे चार किलोमीटर प्रेक्षकांना बंद होते. एरवी घाटात कानठळ्या बसवणारा कोलाहल तेथे नव्हता. मॅटिओ जॉर्गेन्सन बराच काळ एकटाच आघाडीवर होता. छत्तीस वर्षांच्या वुड्सने एकेकाला मागे टाकत शिखराच्या ऐन तोंडाशी त्याला गाठले आणि तो पुढे निघून गेला. जॉर्गेन्सन चौथा आला. त्या दिवसाचा आनंद निर्भेळ वाटत नाही, तो यामुळेच.

त्याहूनही आधीचा एक दिवस आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात वुड्स दांपत्याचे पहिले अपत्य जन्मापूर्वीच गेले. प्रसूतीला थोडेच आठवडे उरले होते. मुलाचे नाव त्यांनी हंटर ठेवले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला स्पेनच्या शर्यतीचा सतरावा टप्पा बास्क प्रदेशातील बाल्कोन दे बिझकाया येथे संपणार होता. वरचा रस्ता सिमेंटचा, छातीवर येणारा, आणि धुके इतके दाट की शेवटची रेषा किती दूर आहे याचा अदमास लागू नये. वुड्स पाच सेकंदांनी जिंकला. विजय त्याने हंटरला वाहिला, तेव्हा त्याला रडू आवरत नव्हते.