विशेषणाचा पुरावा

नोंद अवघी तीनशे शब्दांची होती. तिच्या पहिल्याच ओळीतल्या एका विशेषणाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्या रेघेने माझे पुढचे तीन रविवार घेतले.

विशेषण होतं 'अमेरिकन'. नोंद बेंजामिन थॉम्पसनची, म्हणजे काउंट रम्फर्डची. मी म्युनिकला राहतो म्हणून एका मराठी कोशाच्या संपादकांनी ती माझ्याकडे समीक्षणाला पाठवली होती. चरित्रनोंदी तपासण्याचं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. सनावळ्या, नावांचे उच्चार, ग्रंथांची नावं पडताळावी लागतातच. पण जीव ओतावा लागतो तो विशेषणांवर आणि क्रियापदांवर. सन चुकला तर दुसरं पुस्तक उघडून सुधारता येतो. विशेषण चुकलं तर तो माणूसच वाचकाच्या मनात वेगळा बसतो आणि तिथून त्याला हलवणं फार अवघड असतं.

थॉम्पसन 1753 साली वोबर्नला जन्मला, तेव्हा मॅसॅच्युसेट्स ही ब्रिटिशांची वसाहत होती. राजनिष्ठ म्हणून जमाव चालून आला, तेव्हा बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून त्याने न्यू हॅम्पशायरमधलं काँकर्ड गाव सोडलं. 1776 साली अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याआधीच तो लंडनच्या वाटेला लागला होता. 1780 मध्ये तो ब्रिटिश सरकारच्या वसाहत खात्यात उपसचिव झाला, 1784 मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याला 'सर' केलं आणि मग तो बव्हेरियाचा इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या चाकरीत म्युनिकला आला.

नोंद लिहिणारी कोल्हापूरची, इतिहासाची तरुण प्राध्यापिका. फोनवर म्हणाली, "सर, मग 'देशद्रोही' लिहू का? हेरगिरी केलीच ना त्याने?"

"हेरगिरी लिहा," मी म्हटलं. "अदृश्य शाईतलं मे 1775 चं पत्र ब्रिटिश सेनापती जनरल गेजच्या कागदपत्रांत मिळालं, अक्षरावरून ते त्याचं ठरलं. पुरावा आहे. पण 'द्रोह' म्हणायचं तर आधी त्याचा देश कोणता ते सांगावं लागेल. त्याने ज्या राजाला आपलं मानलं, त्याला तो सोडून गेला नव्हता."

पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना साथ देणाऱ्या बाळाजीपंत नातूंवर लिहितानाही आपल्यापुढे हाच पेच असतो. रागाचा शब्द आधी सुचतो. कोशात त्याला जागा द्यायची नाही, घडलेली गोष्ट सनासकट मांडायची. राग यायचा असेल तर तो वाचकाला आपसूक येईल.

दुसरी रेघ 'भिकाऱ्यांचे निर्मूलन केले' या शब्दांखाली. निर्मूलन देवीचं होतं, हिवतापाचं होतं; माणसांचं काय झालं ते सांगायला हवं. 1 जानेवारी 1790. नववर्षाचा दिवस म्हणजे भीक मागण्याचा ठरलेला दिवस, सगळे भिकारी रस्त्यावर. थॉम्पसनने मुद्दाम तोच निवडला, शहरभर लष्करी अधिकारी पेरले आणि पहिल्या भिकाऱ्याला स्वतः ताब्यात घेतलं. आउ भागातल्या कामशाळेत त्या लोकांना ऊब मिळाली, बार्ली-वाटाण्याचं सूप मिळालं, काम आणि मजुरी मिळाली. सैन्याचे कपडे तिथे तयार होत. त्यात कणव होती आणि जबरदस्तीही होती. आठवड्याभरात 2,600 भिकारी हाती लागले, हा आकडा त्याच्याच निबंधातला. म्हणून 'त्याच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द घालायला लावले. त्यांच्यासाठी 'थोर' आणि 'अष्टपैलू' काढले. शब्दसंख्या तेवढीच राहिली.

शास्त्राचा भाग चोख होता. तोफांची नळी कोरताना निघणाऱ्या उष्णतेने पाणी उकळलं, यावरून उष्णता हा पदार्थ नसून ती गतीतून येते हे त्याने 1798 मध्ये मांडलं. तिथे मी पेन्सिल लावली नाही.

तिसऱ्या रविवारी नोंदीचे कागद घेऊन मॅक्सिमिलियनस्ट्रासेवर गेलो. तिथे सरकारी कचेरीसमोर रम्फर्डचा पुतळा आहे, झुम्बुशने घडवलेला. तयार झालेली प्रत्येक चरित्रनोंद मी एकदा मोठ्याने वाचतो. तो माणूस समोर उभा आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्यामुळे ज्याचं आयुष्य बदललं असा कुणी एक उभा आहे, असं धरून वाचतो. इथे शेजारी होता नववर्षाच्या सकाळी धरलेला भिकारी. दोघांच्या तोंडावर म्हणता येईल असंच वाक्य ठेवायचं. भिकाऱ्यांचं वाक्य आता वाचता आलं. पहिली ओळ अजून अडत होती.

घरी आल्यावर त्याच्या किताबाकडे पुन्हा पाहिलं. काउंट झाल्याचं साल काही ग्रंथ 1791 देतात, काही 1792. पण नाव? रम्फर्ड हे काँकर्डचंच जुनं नाव. ज्या गावातून पळावं लागलं, त्याचंच नाव त्याने किताबाला घेतलं. 1799 मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याला लष्करी पदासाठी बोलावलंही; तो गेला नाही. हे ध्यानात आल्यावर 'अमेरिकन' नुसतं खोडणंही मला पटेना.

रात्री फोन केला. "ते विशेषण काढा आणि त्याजागी लिहा: मॅसॅच्युसेट्स वसाहतीत जन्मलेला, ब्रिटन व बव्हेरियाच्या सेवेतील प्रशासक आणि भौतिकीविज्ञ. आणि रम्फर्ड हे नाव कुठून आलं ते शेवटी एका वाक्यात सांगा."

"सर, शब्द वाढतात हो."

"वाढू देत," मी म्हटलं. "संपादकांशी मी बोलतो."