शनिवार की रविवार?

मागच्या शुक्रवारी पुण्याला मावशीकडे गेलो होतो. दिवेलागणीच्या आत तिचा उद्याचासुद्धा स्वयंपाक तयार, भांडी घासून झालेली. सूर्य मावळला आणि टीव्ही बंद. आता उद्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ!

आमचं आजोळ नगरचं, मिशनच्या चर्चमधलं, म्हणजे रविवारवालं. मावशी लग्न होऊन सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट घरात गेली आणि शनिवारवाली झाली. तेव्हापासून ती आली की वाद ठरलेला. मावशी म्हणणार, "भावोजी, दहा आज्ञांत सातवा दिवस सांगितलाय, तो बदलला कोणी? रविवारच्या विश्रांतीचा हुकूम तर 321 साली रोमन बादशहा कॉन्स्टंटाईनने काढला." बाबांचं उत्तर तयार: प्रभू रविवारी उठला, आणि प्रेषितांची कृत्ये वाच, त्रोवसला शिष्य भाकर मोडायला आठवड्याच्या पहिल्याच दिवशी जमले होते. तुझ्या कॉन्स्टंटाईनच्या कितीतरी आधी!

मला विचाराल तर मी बाबांच्या बाजूचा. शिवाय रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात पौलाने दिवसांवरून भांडणाऱ्यांना जे सांगितलंय, त्याचा मला लागलेला अर्थ एवढाच, की दिवस कुठलाही पाळा, पण प्रभूसाठी पाळा.

गोची इथेच आहे. माझ्या मावसभावाचा पदवीचा एक पेपर शनिवारी आला होता. त्याने दिलाच नाही. वर्ष गेलं. बाबा चिडले, मीही त्याला हट्टी म्हणालो. आता इतक्या वर्षांनी, परवा जेवताना त्याने सहज विचारलं, "दादा, रविवारसाठी तू काय सोडलंस रे?"

काय सांगणार? मला रविवार आयता मिळाला. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो 1890 साली मिळाला, तोही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. त्याआधी तिथे आठवड्याच्या सुट्टीचा पत्ताच नव्हता. आणि मी? उपासनेत बसून मोबाईलवर ऑफिसचे मेल बघतो. वार बरोबर, पण पाळला कुठे?

या रविवारी फोन घरीच ठेवून चर्चला गेलो. उपदेश संपेपर्यंत हात तीनदा खिशाकडे गेला.

असो. मावशीला अजून हे सांगितलेलं नाही. ती म्हणेल, आता वार तेवढा बदल!