जुलाहा, मोमीन, अन्सारी

मालेगावात 'जुलाहा' हा शब्द आता मोठ्याने उच्चारला जात नाही. इथे माग चालतात, त्यांच्या खडखडाटाची कानाला इतकी सवय झाली आहे की वीज गेली की लहान मुलं झोपेतून जागी होतात. पण मागावर बसणाऱ्याला जुलाहा म्हणाल तर तो दुखावेल. तो मोमीन आहे, अन्सारी आहे. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून जे विणकर इकडे आले, त्यांनी आपल्यासोबत हातमाग आणले, आपली बोली आणली आणि हा शब्दही आणला. पहिल्या दोन गोष्टी ठेवल्या. तिसरी त्यांना टाकून द्यायची होती.

ती का टाकायची होती हे उर्दू शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या भाषेत जुलाह्याच्या मूर्खपणावरच्या म्हणी आणि किस्से ढिगाने आहेत. वर्गात म्हणींचा धडा घेताना मी त्यातल्या काही वगळते, कारण समोरच्या चाळीस मुलींपैकी तीस त्याच घरांतल्या असतात. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण सगळे मिंबरवरून ऐकतो. पण अशराफ, अजलाफ, अरजल हे शब्दही आपल्याच समाजातले. १९०१ च्या जनगणनेच्या बंगाल अहवालात त्यांची नोंद आहे आणि डॉ. आंबेडकरांनी ती पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात उद्धृत केली आहे.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विणकरांनी ठरवलं की आपलं नाव आपणच ठेवायचं. मोमीन म्हणजे श्रद्धावान. अन्सार म्हणजे मक्केहून आलेल्या मुहाजिरांना आसरा देणारे मदिनेचे लोक. आसिम बिहारींनी याच नावाखाली बिरादरी बांधली. मोमीन कॉन्फरन्स उभी राहिली आणि १९४० नंतर पाकिस्तानच्या मागणीला तिने उघड विरोध केला. अब्दुल कय्यूम अन्सारी त्यातूनच पुढे आले. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. ज्यांची 'बेअक्कल' म्हणून थट्टा व्हायची त्यांनी मुल्काच्या सवालावर आपली स्वतंत्र भूमिका घेतली. नाव बदलल्याने हे झालं असं मी म्हणणार नाही, पण जुलाहा कॉन्फरन्स या नावाखाली किती माणसं जमली असती, असाही प्रश्न पडतो.

इतर बिरादऱ्यांनीही तेच केलं. कसाई कुरेशी झाले, न्हावी सलमानी, शिंपी इद्रीसी, भिश्ती अब्बासी. यात मला सर्वात आवडतं ते पिंजाऱ्यांचं मन्सूरी हे नाव. मन्सूर हल्लाजवरून ते आलं, आणि हल्लाज म्हणजेच कापूस पिंजणारा! इथे धंदाही राहिला आणि मानही मिळाला. कुरेशींचं तसं नाही. कुरैश हा तर पैगंबरांचा कबिला. तिथपर्यंत उडी मारताना पायाखालची जमीन सुटते. आणि नाव एवढं उंच ठेवूनही महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने पोटावर पाय आला तो याच बिरादरीच्या. नाव ढाल होऊ शकलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या जुन्या मुसलमानांना या उड्या माराव्याशा वाटल्या नाहीत हेही बघण्यासारखं आहे. तांबोळी तांबोळीच राहिले. अत्तार, बागवान, शिकलगार, मण्यार, मुलाणी, सगळे धंद्याच्या नावानेच वावरतात. तो गावगाड्याचा परिणाम असावा. गावात सगळ्यांनाच धंद्यावरून नाव होतं, त्यात एकट्या मुसलमानाला लाज वाटायचं कारण नव्हतं.

खरी अडचण कळली ती मंडल आयोगानंतर. इतर मागासवर्गीयांच्या यादीत मुस्लिम बिरादऱ्या आल्या, जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्यांनी त्यासाठी गावोगाव फिरून चळवळ केली. आता दाखला हवा, आणि दाखल्याला पुरावा हवा. आपल्या राज्यात तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. मग नातवंडं आजोबांच्या शाळेत येतात. आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उर्दूत आहे, शाई फिकट झालेली. एकाच घरातली तीन माणसं त्यात तीन प्रकारे सापडतात: पणजोबा जुलाहा, आजोबा मोमीन, बाप नुसता मुसलमान. एकाच्या नावापुढे तर 'नूरबाफ' आहे. नूर विणणारा! कुणा शायर मनाच्या मौलवींनी विणकराला दिलेलं हे सुंदर फारसी नाव. पण कार्यालयात विचारतात, "ही कोणती जात? यादीत नाही." दुसऱ्या एकाला ऐकावं लागलं, "अन्सारी म्हणजे अरबस्तानातले ना तुम्ही? मग मागास कसे?" बिरादरीने शंभर वर्षं जे सांगितलं ते सरकारी माणसाने खरं मानलं, त्याला दोष तरी कसा द्यायचा?

ज्या शब्दाला आजोबा लाजत होते, तोच शब्द नातीची फी वाचवतो. तो कुणी भीडभाड न ठेवता लिहिला म्हणून वाचला. जिथे मास्तरांनी माणुसकीने 'मुसलमान' एवढंच लिहिलं, तिथे घराच्या हाती काही राहिलं नाही.

नाव बदलण्याची किंमत मोजणारे आपण एकटे नाही. १९५६ मध्ये ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. तरीही त्यांनी नाव परत केलं नाही, आणि अन्सारींनीही करू नये असंच माझं मत आहे. मला खटकते ती फक्त अरबी वंशावळ. कबीर स्वतःला जुलाहा म्हणवत आणि त्यात त्यांना काही कमी वाटलं नाही. शिवाय सय्यदांनी आपली मुलगी अन्सारींच्या घरी द्यावी एवढं काम या नावाने अजून तरी केलेलं नाही. निकाहाचा पैगाम आला की आडनावाच्या मागचा माग लगेच शोधला जातो.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की बाप अर्ज घेऊन येतात. जातीच्या रकान्याशी बोट थांबतं. "आपा, इथे फक्त मुसलमान लिहा. बाकीचं कशाला?" मी त्यांना बसवते, कपाटातून जुनं रजिस्टर काढते आणि त्यांच्या वडिलांचं पान दाखवते. बरेचजण ते पान मोबाईलवर टिपून घेतात. मग हलक्या आवाजात सांगतात, "बरं, मोमीन-जुलाहा लिहा. पण हजेरीत तेवढं अन्सारीच पुकारा."

मी अन्सारीच पुकारते.