गेन दहावर, गेन चारवर

गोंगाटाच्या शौकिनाला नाजूक कानाचा म्हणून कोणी ओळखत नाही. माझ्याकडे १२० वॅटचे तीन गिटार-अ‍ॅम्प आहेत हे कळल्यावर पाहुणे आधी शेजाऱ्यांची चौकशी करतात आणि मग म्हणतात, ‘‘पण तिन्ही सारखेच तर दिसतात!’’ शेजाऱ्यांविषयी मी मौन पाळतो. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र बोलायला लागलो की पाहुण्यांचा चहा गार होतो.

तिघांचं कूळ एकच. मिसिसिपीतल्या मेरिडियन गावच्या पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या नावाचा ५१५० बाजारात आणला. आराखडा जेम्स ब्राउन यांचा; गाणारे नव्हेत, हे अभियंते. मनाचा तोल जाऊन स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या माणसाला ७२ तासांपर्यंत रोखून ठेवता येतं, असं सांगणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या कलमाचा ५१५० हा आकडा. एडीने तो घरच्या स्टुडिओला दिला, आपल्या बँडच्या १९८६ च्या अल्बमला दिला आणि मग अ‍ॅम्पला. २००४ मध्ये एडी आणि पीव्ही यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आकडा एडीबरोबर गेला, सर्किट कंपनीकडे राहिलं. त्याच सर्किटला पीव्हीने ६५०५ म्हटलं: १९६५ ते २००५, कंपनीच्या चाळिशीची खूण.

माझ्याकडे पहिल्या काळातला, ठोकळेबाज अक्षरांत नाव लिहिलेला ‘ब्लॉक लेटर’ ५१५० आहे, नंतरचा ५१५० टू आहे आणि एक ६५०५. पहिल्यात आणि शेवटच्यात पाच छोटे १२एएक्स७ व्हॉल्व्ह, चार मोठे ६एल६. मधल्यात एक छोटा व्हॉल्व्ह जास्त, शिवाय लीड आणि ऱ्हिदम या दोन्ही चॅनलना बास-मिड-ट्रेबलची आपापली बटणं. जुन्यात ती सामाईक. लीडसाठी मिड वाढवला की ऱ्हिदमलाही तो सोसावा लागतो. पहिला अमेरिकेतून आलेला असल्यामुळे त्याच्यासाठी २३० व्होल्टचे १२० करणारा जडशीळ ट्रान्सफॉर्मर पाळावा लागतो.

गेन म्हणजे काय? तारेचा इवलासा सिग्नल एकामागून एक व्हॉल्व्ह वाढवत नेतात. पुढच्याला तो झेपेनासा झाला की लहरीचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर उगवतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा तोही वरच्या स्वरांच्याच मागे असतो. तारेखालचं सूत केसभर सरकलं की तंबोरा बोलतो, आणखी सरकलं की नुसता खरखरतो.

तुलनेला बसताना भाचीला मदतीला घेतो. मी पाठमोरा बसून वाजवायचं, तिने अ‍ॅम्प बदलायचा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हा पहिला धडा तिला पाठ आहे. दुसरा धडा आवाज मोजून सारखा करण्याचा, कारण किंचित मोठं वाजणारं आपल्याला ‘चांगलं’ वाटतं. आणि कॅबिनेटपुढचा माइक दोन बोटं सरकला, तर वर्षावर्षांच्या मॉडेलमधल्या फरकाहून मोठा फरक पडतो, म्हणून तो जागचा हलवायचा नाही.

गेन दहावर ठेवून वाजवलं. ‘‘मामा, तिन्ही सारखेच वाजतात,’’ भाची म्हणाली. खरंच होतं. आवाज इतका दाट की त्यात अ‍ॅम्प, बोटं, गिटार सगळंच बुडून गेलं होतं.

मग गेन चारवर आणला, आणि तिघे वेगळे झाले. तळहाताने तार दाबून ठोका दिला की जुना पटकन मिटत होता. मधला थोडा रेंगाळत, मऊ पडत होता. तिसरा जुन्याच्याच वळणाचा, पण वरच्या पट्टीत जरा बोचरा. हे श्रेय सर्किटचं की घासल्या गेलेल्या व्हॉल्व्हचं, सांगता येत नाही. एकाच मॉडेलचे दोन नगही इतके वेगळे निघू शकतात. पण चारवर माझा उजवा हातही उघडा पडला. ठोके मागेपुढे होत होते, न छेडलेली तार गुणगुणत होती. दहावरच्या दाटपणात हे सगळं खपून जात होतं.

नवखी मुलं विचारतात, यातला कोणता घ्यावा? मी सांगतो, मिळेल तो घे, उरलेले पैसे स्पीकरवर घाल आणि गेन निम्म्यावर ठेव. पहिल्या दोन गोष्टी ती ऐकतात. तिसरी मला स्वतःला पटायला तीन अ‍ॅम्प लागले, त्यामुळे त्यांनी ती लगेच ऐकावी असा माझा आग्रह नाही.