खामकाठी भाड्याचे घर

आमच्या शहराला नदी आहे, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगावे लागते. तिचे नाव खाम. हर्सूलकडून येऊन जुन्या शहराच्या कडेने ती छावणीकडे जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा हे तिन्ही तिच्याच पुलांवर उभे आहेत. या पुलांच्या आसपास पाणचक्की, बेगमपुरा, घाटी रुग्णालय आणि थोडे पुढे बीबी का मकबरा व विद्यापीठ. गेल्या वर्षी आम्ही भाड्याचे घर शोधले ते याच टापूत.

कारण साधे होते. अम्मींना उपचारासाठी आठवड्यातून दोनदा घाटीत न्यावे लागते आणि थोरल्या मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. त्याआधी नव्या वसाहतींतही चौकशी केली. फोनवर घर रिकामे असायचे, नाव सांगितले की ते 'कालच गेलेले' असायचे. अशी तीन घरे गेल्यावर आम्ही जुन्या वस्तीकडे वळलो. आता वाटते, खैर त्यातच होती.

या भागाचा इतिहास पाण्याचा आहे. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. हेच खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. नहरींची परंपरा नंतरही चालू राहिली. बेगमपुऱ्यात थत्ते हौद आजही दाखवतात. पाणचक्कीला लांबून मातीच्या नळांतून पाणी येते, उंच भिंतीवरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहतल्या फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. उन्हाळ्यात तिथे बसले की गारवा कळतो.

अशा शहरात आज घर पाहायला गेलात की पहिला प्रश्न असतो, नळाला पाणी किती दिवसांनी येते? जायकवाडीचे धरण पैठणला, अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून येणारे पाणी वाढत्या वस्तीला पुरत नाही. म्हणून आम्ही खोल्या मोजण्याआधी टाकी मोजली. जमिनीतली टाकी कितीची, ती किती कुटुंबांत वाटलेली, मोटारीच्या विजेचे बिल कोण भरतो, हे शेजारणींना विचारले. घरमालक सांगतात त्यापेक्षा शेजारीण खरे सांगते. घराआधी शेजारी पाहा, असे आपले बुजुर्ग म्हणत आले ते उगीच नाही.

दुसरी पाहणी नदीची. पावसाळ्यात खाम फुगते आणि इतर दिवसांत सांडपाण्याचा वास व डास असतात. नदी साफ करण्याचे काम महापालिका, छावणी परिषद आणि शहरातल्या संस्थांनी काही वर्षांपासून हाती घेतले आहे, काही ठिकाणी काठ ओळखू येत नाही इतका बदलला आहे. तरी भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे हे आम्ही बोटाने तपासले आणि तळमजला सोडून वरच्या दोन खोल्या घेतल्या. अम्मींसाठी जिना अवघड, पण ओल त्याहून अवघड.

तिसरी गोष्ट पैशाची. एका ठिकाणी आम्हाला सांगितले गेले, काही लाख एकरकमी द्या, भाडे माफ, घर सोडताना रक्कम परत. ऐकायला गोड. पण दिलेल्या कर्जाच्या बदल्यात घराचा फायदा घेणे सुदात मोडते, असे अनेक उलमांचे मत आहे. शिवाय मालकाकडे परत द्यायला रक्कम नसेल तर भाडेकरू अडकतो. आम्ही दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि दरमहा भाडे, हाच सरळ रस्ता निवडला.

चौथी गोष्ट कागदाची. 'आपल्यातलेच आहेत, लिहायचे कशाला?' हे वाक्य मोहल्ल्यात फार चालते. मात्र देवाणघेवाण लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीतच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 55 सुद्धा तेच सांगते. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार अकरा महिन्यांचा म्हणजे नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे कागद मालकालाही तितकाच वाचवतो. भाड्याची पावती मागणे हा हक्क आहे, त्यात संकोच नको.

जुन्या शहरात आणखी एक विचारावे, जागा वक्फची तर नाही ना? वक्फ मंडळाचे कार्यालय पाणचक्कीतच आहे. जागा वक्फची निघाली तर ती भाड्याने देण्याचा अधिकार कुणाला आणि किती मुदतीचा, हे कायद्याने ठरलेले असते. मधल्या माणसाला दिलेले पैसे मग बुडू शकतात. आम्ही घरमालकांकडे मालमत्ता कराची पावती मागितली. चाचांनी हसून ती काढून दिली आणि म्हणाले, "मास्तर, असे विचारणारा भाडेकरू घर नीट ठेवतो."

आता अम्मी घाटीतून रिक्षाशिवाय परत येतात, वाटेत पुलावर दम घेतात. मुलगी पायी विद्यापीठात जाते. पाणी येणार असेल त्या दिवशी सारा मोहल्ला पहाटेच जागा असतो आणि आमची बादली कुणीतरी आधी लावून ठेवलेली असते.