घासणारे चाक

जुन्या वस्तूंवरील प्रेम दोन प्रकारचे असते. एक प्रेम वस्तू आहे तशी जपू पाहते, तर दुसरे तिला नवे रूप देऊ पाहते. म्हैसूरमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात ही दोन्ही प्रेमे एकाच मोटारीवर जडली होती.

मोटार होती २००१ सालची मारुती ८००. या छोट्या गाडीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत तिने असंख्य मध्यमवर्गीय घरांना पहिली चारचाकी दिली. या घरातील वडिलांनीही आयुष्यात एवढी एकच मोटार घेतली होती. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी ती स्वतः पुसत. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाला वाटले, बाबांच्या गाडीला काहीतरी शोभेसे द्यावे. त्याने बारा इंचांची मूळ चाके काढून तेरा इंचांची चकचकीत मिश्रधातूची चाके बसवून दिली. गाडी रुबाबदार दिसू लागली. वडिलांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी वळण घेताना पुढून 'खर्र' असा आवाज आला. पुढे मागच्या आसनावर दोघे बसले आणि खड्डा आला, की मागूनही तो येऊ लागला. वडिलांना कारण उमगले होते. परंतु मुलाने हौसेने दिलेल्या भेटीत दोष कसा काढावा? त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

दसऱ्याला मुलगा घरी आला. सारे कुटुंब चामुंडी टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघाले. गाडीत चौघे होते. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो आणि चाकावरचा पत्रा खाली येतो. तेथे चाक असे घासले, की मुलाने चमकून विचारले, "बाबा, हे कधीपासून?" वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "चाके बसवली तेव्हापासून."

टेकडी उतरल्यावर दोघे जण ओळखीच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीने हातोडा उचलला नाही. त्याने खडू उचलला. टायरच्या कडेवर खडू फासून त्याने पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवली, मग मागे माणसे बसवून गाडी हळूहळू खड्ड्यातून नेली. जेथे खडू पुसला गेला, तेथे घर्षण होते. पुढे आतल्या आवरणाला, मागे पत्र्याच्या दुमडलेल्या कडेला. जुन्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बसल्यामुळे मुळातच कमी असलेली जागा आणखी आक्रसली होती.

मग त्याने टायरवरचे आकडे वाचून दाखवले. मूळ टायर १४५/७० आर १२, नवा १५५/७० आर १३. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या शेकडा प्रमाणात; शेवटचा चाकाच्या व्यासाचा, इंचांत. हिशेब केला तर मूळ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर आणि नव्याचा ५४७. म्हणजे टायर प्रत्येक बाजूने सुमारे दोन सेंटीमीटर वाढला होता. वेगमापकाचा काटा ६० दाखवी, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६५च्या जवळपास धावत असे. "कडा ठोकून वर वळवता येईल," मिस्त्री म्हणाला, "पण जुना पत्रा आहे. रंग तडकेल, पावसाळ्यात गंज धरेल. आणि माप चुकलेलेच राहील."

त्याने मागचे चाक काढले. टायरच्या खांद्यावर रबर झिजून आतले धागे दिसू लागले होते. आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या, तर उतारावरच टायर फुटला असता. मुलाने त्या धाग्यांवरून बोट फिरवले आणि वडिलांकडे पाहिले. मिस्त्री कन्नडमध्ये हसत म्हणाला, "गाडीने तर केव्हाच सांगितले होते, सार. तुम्ही ऐकले नाही." रेडिओची गोष्ट वडिलांनी कोणालाच सांगितली नव्हती, तरीही त्यांनी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी मागच्या स्प्रिंगा बदलल्या गेल्या आणि बारा इंचांची जुनी चाके नव्या टायरांसह परत बसली. मुलगा थोडा खट्टू झाला. मग त्यानेच खडूचा तुकडा उचलून खिशात टाकला.

प्रेमाने दिलेली वस्तूही मापात बसावी लागते. आणि ती बसत नसेल, तर प्रेमानेच तसे सांगावे लागते. चाक आवाज करून सावध करते. माणसे मात्र एकमेकांना दुखवू नये म्हणून गप्प राहतात आणि आतल्या आत धागे झिजत जातात. परतीच्या वाटेवर गाडीत रेडिओ बंद होता. वळणे आली आणि गेली. कोठेही आवाज झाला नाही. बापलेक मात्र घर येईपर्यंत बोलत होते.