कुंडीतला वाफसा

समोरच्या काकूंचं ऑर्किड कुजलं, ते माझ्या सल्ल्यानं. हे मी त्यांना दोन वर्षं सांगितलं नाही. ‘माझ्या हातालाच गुण नाही गं,’ असं त्या म्हणायच्या आणि मी गप्प बसायचे. आज ते लिहून मोकळी होते.

आम्ही नगरच्या केडगावला राहतो. हा पर्जन्यछायेतला मुलूख. मुळा धरणाचं पाणी नळाला येतं, पण रोज येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो, वाळत घातलेली चादर तासाभरात कडक होते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला पाणी घालणं म्हणजेच माया करणं वाटतं. तुळशीला तांब्याभर, पाखरांसाठी गच्चीवर परळभर, दारी आलेल्याला आधी पाणी. त्यामुळे पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस ऑर्किड घरी आलं, तेव्हा मला ठाऊक होतं ते सगळं मी त्याला दिलं. काळी माती, मुरलेलं शेणखत आणि रोज सकाळी पाणी. काकूंनीही तसंच रोप आणलं होतं. ‘उन्हाळा आहे, रोज घाला,’ मी त्यांना ठासून सांगितलं.

महिनाभरात पानं लुळी पडली, त्यांवर सुरकुत्या आल्या. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. खरं तर मुळं कुजली होती. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात बुडालेलं रोपही तहानलेलं दिसतं, हे तेव्हा कळलं नाही. आधी काकूंचं रोप गेलं, मग माझं, मग मी पुन्हा आणलेली दोन. ‘नगरच्या हवेत ऑर्किड येत नाही,’ असा निकाल मी देऊन टाकला आणि येईल त्याला तेच सांगत राहिले.

माझं मत फिरवलं ते माझ्या भावानं. दादा पारनेर तालुक्यात शेती करतो. ऑर्किड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिसरं रोप गेलं तेव्हा तो आमच्याकडे होता. त्यानं कुंडीत बोट खुपसलं, माती नाकाशी नेली आणि म्हणाला, ‘याला वाफसाच मिळाला नाही गं.’

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाऊस पडला की लगेच कुणी पाभर घेऊन रानात शिरत नाही. जादा पाणी निथळून जायला हवं, ओल राहायला हवी आणि मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा शिरायला हवी. तो वाफसा. बी त्यातच रुजतं. शेताला लागू असलेली ही गोष्ट घरातल्या कुंडीला लागू असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. फॅलेनॉप्सिस मुळात झाडाच्या खोडावर वाढणारं. ते बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ते शोषत नाही, फक्त आधार घेतं. आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या अशा पट्ट्यात सीतेची वेणी, म्हणजे तिथलं ऑर्किड, झाडांच्या फांद्यांवर लोंबते. इतक्या पावसात ती कुजत नाही, कारण पाणी खोडावरून ओघळून जातं आणि मुळं वाऱ्यावर राहतात. त्या मुळांना वेलामेन नावाचं स्पंजासारखं वेष्टण असतं. पाणी पडताच ते शोषून घेतं आणि मूळ हिरवं दिसतं, सुकलं की रुपेरी पांढरं. पाणी कधी घालायचं हे रोप मुळांच्या रंगातून सांगत होतं आणि मी ती मुळं मातीत गाडली होती.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. मातीच्या कुंडीत नुसता लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे भरले, पाणी आठवड्यातून एकदा. दमट किनाऱ्यावर ते चालत असेल. इथे भिंतीवरचा आर्द्रतामापक एप्रिलच्या दुपारी २२ टक्के दाखवत होता. सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी ठणठणीत कोरडी, मुळांची टोकं करपलेली. दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘मुरमाड रानात वाफसा लवकर येतो आणि लवकर उडतो. काळ्या रानात उशिरा येतो. तुझं रान कसलं आहे ते बघ.’ म्हणजे रोज की आठवड्यानं, हा माझा प्रश्नच चुकीचा होता. कुंडीत काय भरलंय आणि बाहेर हवा कशी आहे, त्यावर पाणी ठरतं.

आता माझी पद्धत अशी आहे. भोकं पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, म्हणजे मुळं दिसतात. दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग कोळसा, मध्ये मॉसचे सैल धागे. सोडणात क्षार असतात, म्हणून तुकडे दिवसभर भिजवून पाणी बदलते. मुळं रुपेरी दिसली आणि कुंडी हाताला हलकी लागली की सकाळी दहा मिनिटं पाण्यात बुडवायची आणि पूर्ण निथळू द्यायची. उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, श्रावणात आठ-दहा दिवसांनी. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देत नाही. झाडावर हे रोप कलतं वाढतं, तिथे पाणी आपोआप सांडतं. घरात ते मला टिपून घ्यावं लागतं. बोअरच्या पाण्यानं मॉसवर पांढरा थर धरतो, म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवते. हवा कोरडी आहे तर ओलावा हवेला द्यायचा, मुळांना नव्हे. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीत खड्यांवर कुंडी ठेवते. कूलर असलेल्या खोलीत, पण त्याच्या झोताबाहेर.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीही माझ्यासारखंच केलं होतं. उष्ण प्रदेशातली झाडं म्हणून त्यांनी ऑर्किडं तापलेल्या, कोंदट काचघरांत ठेवली आणि ती ढिगानं मेली. माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेत उष्णता कमी केली, हवा खेळती ठेवली आणि तिथली ऑर्किडं बहरली. हे वाचून मला दिलासा मिळाला नाही. चूक जुनी होती, तर मी ती आधीच शोधून वाचायला हवी होती.

गेल्या दिवाळीनंतर रात्री गार झाल्या आणि पानाच्या बगलेतून दांडा निघाला. फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे असा गारवा लागतो. ज्या हवेला मी नावं ठेवली, तिनंच त्याला फुलायची खूण दिली होती.

होळीच्या आसपास फुलं उमलली. मी एक नवं रोप नीट भरून काकूंकडे नेलं आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अगं, मग तेव्हा का नाही सांगितलंस?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी रोप ठेवून घेतलं.

आता सकाळी त्यांच्या खिडकीत त्या दिसतात. कुंडी उचलून तोलतात, उजेडात धरून मुळं बघतात आणि बहुतेक दिवशी पाणी न घालता परत ठेवतात. मला काही विचारत नाहीत.